अर्ध्या ‘र’ने अडवलेले दप्तर

कऱ्हाड. वऱ्हाड. गाऱ्हाणे. स्वाऱ्या. जहागिऱ्या.

या पाच शब्दांत समान असे काय आहे? एका अभ्यासिकेला हा प्रश्न रात्री अकराच्या सुमारास, संगणकाच्या पडद्यावरील लाल ओळी वाचताना पडला. उत्तराच्या मागावर ती थेट १९६३ सालापर्यंत गेली. हा धागा त्या शोधाचा आहे. थोडा लांब आहे, पण ज्यांच्याकडे जुन्या कागदांची छायाचित्रे मराठी नावांनी साठवलेली आहेत, त्यांनी तो शेवटपर्यंत वाचावा.

आधी दप्तराविषयी. सातारा जिल्ह्यातील एका गावचे निवृत्त शिक्षक, मोडीचे उत्तम जाणकार. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. सुटीच्या दिवशी जुन्या वाड्यांत जावे, माळ्यावरच्या पेट्या उतरवाव्यात, रुमाल सोडावेत आणि कागद वाचावेत, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. (रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचे चौकोनी फडके. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागदही अशाच रुमालांत बांधलेले आहेत.) डिजिटल कॅमेरा हाती आल्यावर ते प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊ लागले आणि परदेशातल्या भाच्याने दिलेल्या मॅक संगणकावर साठवू लागले.

त्यांनी सूचीची वेगळी वही कधी ठेवली नाही. फाइलचे नाव हीच त्यांची सूची होती. ‘कऱ्हाड प्रांत, पाटीलकीचे गाऱ्हाणे, रुमाल ३, पान २, मागील बाजू’ अशी लांबलचक नावे ते एका बोटाने टंकित करीत. छायाचित्रात फक्त मोडीच्या ओळी दिसतात. तो कागद कोणत्या वाड्यातला, कोणत्या रुमालातला आणि त्याच्या आधीचे पान कोणते, हे नावाखेरीज कोठेही लिहिलेले नव्हते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तेव्हापासून महाराष्ट्रातील प्रत्येक संशोधक एक गोष्ट जाणतो, की ठावठिकाणा हरवलेल्या कागदाची साक्ष अर्धीच उरते.

गुरुजी गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांपैकी एका वाड्याची भिंत कोसळली आणि तिथली पेटी चिखलात गेली. त्या पेटीतल्या कागदांपैकी आता जे काही शिल्लक आहे, ते फक्त छायाचित्रांत. मॅकवरचा सारा संग्रह घरच्यांनी कोणाकडून तरी एका साठवण-पेटीत उतरवून घेतला (बाजारात तिला ‘नॅस’ म्हणतात, आत लिनक्स चालते) आणि ती पेटी गुरुजींच्या या विद्यार्थिनीच्या स्वाधीन केली. तिने शहाण्या माणसाप्रमाणे पहिले काम बॅकअपचे काढले.

संदेश आला: बॅकअप पूर्ण झाला, काही इशाऱ्यांसह.

असल्या संदेशाइतके घातक काही नाही. ‘पूर्ण’ हा शब्द वाचून बहुतेक लोक खिडकी बंद करतात. तिने इशारे उघडले. तीनशेहून अधिक फायली वगळल्या गेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच कारण होते, फाइल सापडली नाही. शेजारच्या खिडकीत त्याच फायली दिसत होत्या. टिचकी मारली की छायाचित्र उघडत होते.

पहिला संशय डिस्कवर गेला. तपासणी केली, डिस्क निरोगी निघाली. बॅकअप पुन्हा चालवला, पुन्हा त्याच फायली अडल्या, एक कमी नाही की एक जास्त नाही. इथे तिची इतिहासाची शिस्त कामी आली. यंत्र थकले असते तर चुका कोठेही झाल्या असत्या. नेमक्या त्याच फायली दर वेळी अडतात, याचा अर्थ कोठेतरी एखादा नियम दडला आहे.

शेजारचा संगणकशास्त्राचा विद्यार्थी म्हणाला, “ताई, मराठी नावं असली की असंच होतं. सगळ्यांना इंग्रजी नावं द्या आणि मोकळ्या व्हा.”

“अरे, मग ‘सातारा’ कसं गेलं? ‘वतनपत्रे’ कशी गेली? तीही मराठीच ना?”

त्याच्याजवळ उत्तर नव्हते. तिने वगळलेली नावे एका कागदावर हाताने उतरवून काढली. विसाव्या नावाच्या आसपास हात थांबला. कऱ्हाड, वऱ्हाड, गाऱ्हाणे, स्वाऱ्या, जहागिऱ्या, शेतकऱ्यांचे अर्ज. एकूण एक नावात तो चंद्रकोरीसारखा वळलेला अर्धा ‘र’ होता.

हा ‘र’ मराठीचा अगदी स्वतःचा. रफार वेगळा आणि हा वेगळा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. ‘आचार्यांना’ बोलावले तर पाठशाळा भरते, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर पंगत बसते. हिंदीला या भेदाची गरज पडत नाही, मराठीला पडते. मग याच अक्षराशी संगणकाचे वैर का असावे?

यासाठी मागे जायला हवे.

१९६३ साली अमेरिकेत ॲस्की हे प्रमाण ठरले. सात बिटांचे कोष्टक, १२८ जागा. त्यांत रोमन लिपी, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या आज्ञा बसवल्या. जगातील उरलेल्या लिप्यांचा विचार त्यात नव्हता. तारयंत्रे आणि अमेरिकी कचेऱ्या यांच्यापुरतीच ती सोय होती, म्हणून त्यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. पण पुढची यंत्रे त्याच पायावर उभी राहिली. डॉसच्या काळात फाइलच्या नावाला आठ अक्षरे आणि पुढे तीन अक्षरांचे शेपूट एवढीच मुभा असे. मराठी मजकूर लिहिणारेही फाइलला रोमन अद्याक्षरे देत. पुढे श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांनी पडद्यावर सुबक मराठी आणली, पण आत साठत होती ती रोमन चिन्हांचीच जागा अडवणारी रूपे. फाँट काढून घेतला की मजकुराचा बट्ट्याबोळ होई. फाइलच्या नावाला तर फाँट देताच येत नसे. म्हणून त्या पिढीची नावे रोमनच राहिली.

भारतात यावर वेगळा विचार झाला आणि तो फारसा सांगितला जात नाही. कानपूरच्या आयआयटीत ‘जिस्ट’ या तंत्राचा पाया घातला गेला, ते काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. १९८८मध्ये इस्की ही संकेतप्रणाली आली आणि १९९१मध्ये तिला आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यामागची कल्पना मोठी देखणी होती. ब्राह्मीच्या लेकी असलेल्या सर्व लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, मग कोष्टकही एकच असावे. ‘क’ची जागा सर्वत्र तीच, फक्त लिपी बदलली की रूप बदलेल.

आता गंमत पाहा. कोष्टक सामायिक ठेवायचे तर दक्षिणेतील लिप्यांमध्ये असणारी पण देवनागरीत नसणारी अक्षरेही त्यात हवीत. तमिळ आणि मल्याळममध्ये आपल्या ‘र’हून निराळा असा आणखी एक ‘र’ आहे. त्यासाठी देवनागरीत खाली बिंदू दिलेला ‘ऱ’ ठेवला गेला. पूर्ण ‘ऱ’ मराठीत कोणी लिहीत नाही. मात्र त्याला हलन्त जोडला की मराठीतला चंद्रकोरी अर्धा ‘र’ उमटेल, अशी तोड काढण्यात आली. म्हणजे कऱ्हाडचा अर्धा ‘र’ संगणकात द्रविड ‘र’च्या घरी पोटभाडेकरू म्हणून राहतो!

१९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिने देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८च्या मांडणीवरून घेतला आणि तो पोटभाडेकरूही सोबत आला. ‘ऱ’ला षोडशमान पद्धतीने ०९३१ हा क्रमांक मिळाला. पण युनिकोडने एक जादा सवलत ठेवली. हेच अक्षर दोन तुकड्यांतही लिहिता येते: साधा ‘र’ (०९३०) आणि त्यामागे नुक्ता (०९३सी). दोन्ही लेखने समान मानावीत, असे मानक सांगते.

एवढ्यावर भागले असते, तर तेही एक वेळ चालले असते. मराठी टंकलेखनाच्या काही साधनांनी तिसरीच वाट धरली होती, ‘र’, मग हलन्त, मग शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतील ही रीत आजही मान्य आहे. तेव्हा ‘वऱ्हाड’ हा शब्द संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो आणि तिन्ही डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसतात. त्यांतले पहिले दोन प्रकार मानकाच्या दृष्टीने एकच आहेत, तिसरा मात्र कायद्याने निराळा शब्द ठरतो.

गुरुजी इनस्क्रिप्ट कळफलकावर लिहीत. त्यावर ‘र’च्या कळीसोबत शिफ्ट दाबली की अखंड ‘ऱ’ उमटतो. मग तुकडे कोणी केले?

मॅकने. १९९८मध्ये ॲपलने एचएफएस प्लस ही नवी फाइलव्यवस्था आणली. एकाच नावाची दोन लेखने घोटाळा करतील, हे तिच्या रचनाकारांनी ओळखले होते. त्यांनी नियम केला की प्रत्येक नाव साठवताना त्याची फोड करायची. मॅकच्या घरात हा नियम निर्दोष चालला. गुरुजींनी एकसंध ‘ऱ’ दिला आणि मॅकने तो निमूटपणे ‘र’ अधिक नुक्ता असा फोडून ठेवला. देवनागरीत अशी फोड होणारी अक्षरे थोडी आहेत. ऩ, ऱ, ऴ ही तीन आणि क़, ख़, ड़ यांसारखी हिंदी-उर्दूची नुक्तेवाली. रोजच्या मराठीत त्यांतला एकटा ‘ऱ’ येतो. ‘सातारा’ फुटत नाही, ‘वतनपत्रे’ फुटत नाही, ‘कऱ्हाड’ फुटते.

मॅकवरून संग्रह लिनक्सच्या पेटीत आला तो फुटलेल्या नावांसह. लिनक्स या बाबतीत अलिप्त आहे. नाव म्हणजे बाइटांची माळ, तिचा अर्थ लावणे आपले काम नव्हे, अशी त्याची भूमिका. तिथपर्यंत सगळे सुरळीत होते. मग बॅकअपच्या सॉफ्टवेअरने नावांची यादी केली आणि नीटनेटकेपणाच्या हौसेने प्रत्येक नाव सांधून, अखंड ‘ऱ’ घालून लिहिले. पुढे त्या यादीनुसार ते पेटीकडे एकेक फाइल मागू लागले. अखंड ‘ऱ’ असलेले कऱ्हाड मागितले, पेटीत होते ते नुक्त्याचे कऱ्हाड. बाइटांची माळ जुळली नाही. पेटीने प्रामाणिकपणे सांगितले, फाइल सापडली नाही.

तिन्ही पक्ष आपापल्या नियमाने बरोबर होते. नुकसान मात्र वाड्याच्या कागदांचे व्हायचे होते.

निदान झाले, तरी धोका टळलेला नव्हता. उलट सर्वांत मोठा धोका पुढेच होता. पेटीत ‘कऱ्हाड’ नावाचे दोन कप्पे शेजारी शेजारी दिसत होते. विद्यार्थी म्हणाला, “ताई, एक डुप्लिकेट आहे, उडवून टाकूया.” सारखी नावे पाहून कोणालाही तसेच वाटेल. तिने दोन्ही उघडले. एकात गुरुजींनी मॅकवरून ठेवलेली छायाचित्रे होती. दुसरा कप्पा तिने स्वतः विंडोजच्या संगणकावरून तयार केलेला, अखंड ‘ऱ’चा. गुरुजींच्या कॅमेऱ्याच्या कार्डावर मागे राहिलेली पाने त्यात होती. दोन्हींत ‘पान १’, ‘पान २’ अशाच नावांच्या फायली, पण कागद वेगळे. त्यांतला एक संच त्या कोसळलेल्या वाड्यातला.

नुसते नाव बदलून दोन्ही कप्पे एक केले असते, तर एका संचाने दुसरा पुसून टाकला असता. जुन्या मॅकवर परत नेले असते तरी तेच, कारण तिथे ही दोन नावे एकच ठरतात.

म्हणून दुरुस्तीचा क्रम तिने असा ठेवला. मूळ पेटीला हात लावायचा नाही. सर्व फायलींची, नावे न बदलता, बाइटाला बाइट जुळणारी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची. मग एका लहानशा आज्ञावलीने प्रत्येक फाइलची बोटखूण, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा चेकसम, लिहून ठेवायची. नाव काहीही होवो, आतला कागद तोच आहे हे त्यावरून पडताळता येते. त्यानंतर सगळी नावे अक्षरक्रमांकांत उलगडून पाहायची आणि सांधल्यानंतर कोणती नावे एकमेकांवर आदळतील याची यादी आधीच काढायची. आदळणाऱ्या कप्प्यांना ‘कऱ्हाड, मॅकवरील’ आणि ‘कऱ्हाड, कॅमेरा कार्डावरील’ अशी वेगळी नावे द्यायची. आणि मगच उरलेली नावे अखंड रूपात आणायची. अदृश्य जोडचिन्हाची तिसरी तऱ्हा कोणत्याही प्रमाण सांधणीने बदलत नाही, ती शोधून स्वतंत्रपणे बदलावी लागते. हे काम दोन रात्रींचे होते.

तरीही काही फायली अडल्याच. त्यांचा ‘ऱ’शी संबंध नव्हता. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, अक्षरांची नव्हे. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदी आच्छादनावर यूटीएफ-८ची मांडणी केली. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना आणि हलन्त धरून दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट. मराठी नावाला सारी मिळून ८५ चिन्हांची जागा. गुरुजींची लांब नावे काठावर बसत होती आणि बॅकअपचे सॉफ्टवेअर प्रत्येक नावामागे तारीख जोडून त्यांना काठावरून खाली ढकलत होते. तारीख जोडण्याची सोय बंद केली, तो प्रश्न मिटला.

या प्रकारच्या बिघाडांचे आणखी दोन भाऊबंद आहेत, ते ओळखून ठेवावेत. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर सॉफ्टवेअर युनिकोडपूर्व पद्धतीचे आहे असे समजावे. विंडोजच्या जुन्या संकेतकोष्टकांत देवनागरीसाठी कोष्टकच नव्हते, म्हणून प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते. विंडोजवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह निषिद्ध आहे, त्यामुळे ती फाइल उघडणेही अशक्य. आणि झिप उघडल्यावर नावांत ग्रीक अल्फा आणि डोक्यावर लाट असलेला रोमन ‘एन’ यांची माळ दिसली, तर ते मराठीच आहे, फक्त १९८०च्या दशकातल्या पीसीच्या चष्म्यातून वाचलेले. झिपच्या प्रमाणात यूटीएफ-८ नावांची स्पष्ट खूण २००६मध्ये आली, ती न लावणारी साधने अजून हाताशी आहेत. अशा झिपमधली नावे परत मिळवता येतात. प्रश्नचिन्हे झालेली मात्र मुळाकडे गेल्याशिवाय मिळत नाहीत.

राहता राहिला तो इंग्रजी नावांचा सल्ला. तिने तो प्रामाणिकपणे करून पाहिला. पहिल्याच फाइलशी अडली. कऱ्हाड रोमनमध्ये लिहायचे कसे? हल्लीच्या पाटीवरच्या कराडप्रमाणे, की ‘ह’ घालून, की जुन्या इंग्रजी कागदांतल्या एखाद्या रूपाप्रमाणे? पाली आणि पाळी, वडगाव आणि वाडगाव यांतला फरक चिन्हांखेरीज रोमनमध्ये टिकतच नाही. यंत्राची अडचण संपली असती आणि गावांची सुरू झाली असती.

तिने मधला मार्ग धरला. प्रत्येक छायाचित्राला नुसता अनुक्रमांक दिला आणि शेजारी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये अनुक्रमांक, गुरुजींचे संपूर्ण मूळ नाव आणि बोटखूण अशा ओळी लिहिल्या. फाइलच्या आत लिहिलेल्या मजकुराला २५५ बाइटांची मर्यादा नाही आणि तिथल्या ‘ऱ’ला कोणी फोडायला जात नाही. मराठी नावांचा संच तिने तसाच वेगळा ठेवला. त्या यादीच्या दोन छापील प्रतीही काढल्या.

मग परीक्षा. बॅकअपमधून सगळा संग्रह एका कोऱ्या डिस्कवर परत उतरवला आणि बोटखुणा ताडून पाहिल्या. यावेळी ‘इशाऱ्यांसह’ हा शब्द आला नाही. तिने ‘कऱ्हाड, कॅमेरा कार्डावरील’ हा कप्पा उघडला. पडलेल्या वाड्यातल्या त्या रुमालाचे चौथे पान समोर आले. उजव्या कोपऱ्यात कागद धरून ठेवणारा गुरुजींचा अंगठा दिसत होता. यादीत त्या अनुक्रमांकापुढे लिहिलेले होते: पाटीलकीचे गाऱ्हाणे, रुमाल ३, पान ४, पुढील बाजू, शिक्का पुसट.